बुटक्या स्टुलावरचं हनोई

हनोईत मेनूकार्ड मागू नये. मागितलं तर मिळतं. पण जिथे ते फोटोंसकट आणि इंग्रजीतून मिळतं, तिथलं जेवण बेताचंच असतं. जुन्या शहरातली चांगली दुकानं एकच पदार्थ करतात. पाटीवर पदार्थाचं नाव, घराचा नंबर, संपलं. आणि तो पदार्थही दिवसभर मिळेल असं नाही. सकाळी ज्या फुटपाथवर फो खाल्लं, तिथेच दुपारी दुसरीच बाई कोळशावर मांस भाजत बसलेली दिसते आणि रात्री तिसरंच कुटुंब गोगलगायींचं पातेलं मांडतं. भांडं रिकामं झालं की दुकान बंद, मग घड्याळात काहीही वाजलेले असोत. गिऱ्हाइकाने फक्त बसायचं आणि किती वाट्या हव्यात तेवढी बोटं वर करायची.

बसायचं म्हणजे वीत-दीड वीत उंचीच्या प्लॅस्टिकच्या स्टुलावर. पन्नाशी ओलांडलेल्या आमच्या गुडघ्यांनी लगेच निषेध नोंदवला. नवरा म्हणाला, "एवढे पैसे खर्चून आलोय, निदान खुर्चीवर बसून जेवू." पण खुर्च्या होत्या तिथे गर्दी नव्हती आणि गर्दी होती तिथे खुर्च्या नव्हत्या. शेवटी गुडघ्यांची समजूत घातली.

नवरा मालवणचा. मी सोलापूरची, मासे लग्नानंतर खायला शिकले आणि अजूनही काटे काढताना गप्पा मारत नाही. सहलीची आखणी एरवी माझ्याकडे असते. कुठलं देऊळ, कुठलं संग्रहालय, कुठे किती वाजता कुलूप लागतं, हे सगळं मी वहीत लिहून ठेवते. यंदा त्याने स्वतःची वेगळी वही केली होती आणि तिच्यात एकही देऊळ नव्हतं.

नोव्हेंबर होता. मुंबईतला घाम पुसत आम्ही थेट विमानात बसलो आणि हनोईच्या विमानतळावर स्वेटर शोधत उतरलो. तिथे पैसे बदलले आणि दोघंही लक्षाधीश झालो. लाखभर दोंग म्हणजे आपले साडेतीनशेच्या आत-बाहेर रुपये. नोट कुठलीही घ्या, तिच्यावर हो ची मिन्ह. वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच, त्यामुळे रात्री मिणमिणत्या दिव्याखाली नोट पुढे करण्याआधी शून्यं मोजावीत. रस्ता ओलांडण्याबद्दल सगळेच लिहितात, म्हणून एवढंच सांगते: थांबू नका, पळू नका, एका चालीने चालत राहा. दुचाक्या तुमच्या दोन्ही बाजूंनी वाट काढून निघून जातात.

पहिली न्याहारी कोंबडीच्या फोची. फो म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया आणि त्यांच्यावर कित्येक तास मंद उकळलेला हाडांचा रस्सा. मूळचं फो बीफचं. आम्ही दोघं ते खात नाही, त्यामुळे नवऱ्याच्या वहीत फक्त कोंबडीची दुकानं होती. चुलीपाशी साठीची एक बाई. तिचे हात बघत राहावेत असे. मूठभर शेवया दांडीच्या गाळण्यात घ्यायच्या, गाळणं उकळत्या पाण्यात बुडवून दोन-चार झटके द्यायचे, निथळलं की वाटीत पालथं. तेवढ्यात दुसऱ्या हातात जाड सुरा आलेला असतो आणि उकडलेल्या कोंबडीचे कातडीसकट तुकडे पडलेले असतात. वर कांद्याची पात, लिंबाच्या पानांचे केसासारखे बारीक काप आणि शेवटी पळीभर रस्सा. रस्सा नितळ, त्यावर चरबीचे सोनेरी थेंब. पहिल्या घोटाला मला वाटलं, बाई मसाला घालायला विसरली. चौथ्या-पाचव्या घोटाला भाजलेलं आलं लागलं, मग कांद्याचा गोडवा. टेबलावर लसूण-मिरची घातलेलं व्हिनेगर असतं, त्याचे चार थेंब टाकले आणि माझी वाटी नवऱ्याच्या आधी संपली. दक्षिणेत सायगावला फोबरोबर पालेभाजीचं ताट आणि मोड आलेले मूग येतात. हनोईकरांना तो प्रकार मान्य नाही. इथे फारतर तळलेल्या पिठाच्या लांबट काड्या घ्यायच्या आणि रश्श्यात बुडवून खायच्या.

या एका वाटीत शंभर-सव्वाशे वर्षांचा हिशेब आहे. व्हिएतनामी शेतकऱ्याचा बैल नांगरासाठी. तो खाण्याची फारशी पद्धत नव्हती. फ्रेंच आले, त्यांना बीफ लागे. चांगलं मांस त्यांच्या टेबलावर जायचं आणि हाडं उरायची. त्या हाडांचं हनोई आणि नाम दिन्ह भागातल्या लोकांनी फो केलं, कावडीवरून गल्लोगल्ली विकलं. पुढे 1930च्या दशकाच्या शेवटी आठवड्यातले काही दिवस बीफची विक्री बंद असे, तेव्हा गिऱ्हाईक परत पाठवायचं नाही म्हणून कोंबडीचं फो निघालं, असं सांगतात. त्यात अपभ्रंश बघणारे जुने खवय्ये तेव्हाही होते. मग अमेरिकेशी युद्ध आलं. रेशनवरच्या सरकारी खानावळींतल्या फोमध्ये मांसाचा तुकडाही नसे. वरून घिरट्या घालणाऱ्या अमेरिकेच्या चालकविरहित टेहळणी विमानांवरून हनोईकरांनी त्या फोला नाव ठेवलं, 'वैमानिक नसलेलं फो'. बॉम्ब पडत असताना सुचलेला विनोद आहे हा. मला या शहराबद्दल आदर वाटायला लागला तो इथपासून.

जुनं शहर छत्तीस गल्ल्यांचं म्हणून ओळखतात. गल्ल्या मोजायला गेलात तर जास्त भरतील, पण प्रत्येक गल्लीचा धंदा ठरलेला होता आणि काही ठिकाणी तो अजून टिकलाय. हांग थिएकमध्ये पत्रा ठोकतात, त्यामुळे ती गल्ली कानांनी सापडते. लान ओंगमध्ये पोत्यांत सुकी मुळं, साली, वाळवलेली मशरूम, ती नाकाने. हांग मामध्ये पितरांसाठी जाळायच्या कागदी वस्तू. कागदाचे बूट, कागदी दुचाकी, कागदी मोबाइल. परलोकातही चार्जर लागतो अशी त्यांची समजूत असावी, कारण तोही होता.

मा मे रस्त्यावर सत्त्याऐंशी नंबरचं घर बघायला मिळतं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं, नीट दुरुस्त करून ठेवलेलं. इथली घरं नळकांड्यासारखी: रस्त्याकडे जेमतेम दुकानाएवढं तोंड आणि आत लांबच लांब पोट. रस्त्यालगतच्या रुंदीवर कर बसायचा म्हणून ही युक्ती. पुढे दुकान, मग उघडा चौक, मग खोली, परत चौक, अगदी मागे स्वयंपाकघर. चौकातून ऊन आणि पाऊस थेट घरात येतो. अंगणात कुंड्या, पाण्याचं टाकं. या घरात फिरल्यावर फुटपाथवरच्या चुलींचा उलगडा झाला. एकेका घरात पुढे कितीतरी बिऱ्हाडं भरली गेली, स्वयंपाकघर एकच उरलं. मग माणसं भांडी घेऊन रस्त्यावर येणार नाहीत तर काय करतील?

दुपारी साडेअकराच्या सुमाराला सगळ्या गल्ल्यांतून धूर निघायला लागतो. ती बुन चाची वेळ. चिमट्याच्या जाळीत डुकराच्या मांसाच्या चपट्या टिक्क्या आणि चरबीदार काप धरून कोळशावर भाजतात. कोपऱ्यात छोटा पंखा लावलेला असतो, त्याने निखारे फुलतात आणि धूर बरोबर येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तोंडावर जातो. जाहिरातीला वेगळा खर्च नाही. भाजलेलं मांस कोमट, आंबटगोड पाण्यात टाकून देतात. त्यात कच्च्या पपईचे काप. बाजूला पांढऱ्या शेवयांची ताटली आणि परडीभर पाला. शेवया आणि पाला पाण्यात बुडवायचा, मांसाबरोबर उचलायचा.

डुकराचं मांस मी तोवर कधी खाल्लं नव्हतं. घरात विषय निघाला की आईचा चेहरा डोळ्यांसमोर यायचा. त्या दिवशी धुराने तो झाकला गेला म्हणा. खाल्लं. कडेला करपलेलं, आत रसाळ, आणि ते आंबटगोड पाणी तर वाटी तोंडाला लावून प्यायले. त्या पाण्याच्या तळाशी एक ओळखीचा, किंचित उग्र वास होता. नवऱ्याने वाटी नाकाशी नेली आणि एकदम मालवणीत शिरला: "ह्यो वास वळखीचो दिसता गो." वळखीचा होताच. नुओक माम म्हणजे मासळीचं पाणी: बारीक मासे आणि मीठ थराथराने पिंपात भरून महिनोन्‌महिने मुरवायचे आणि तळातून झिरपणारा तांबूस अर्क काढून घ्यायचा. सुक्या मासळीच्या बाजारातून जाताना येतो तोच वास, फक्त बाटलीत भरलेला. लहानपणी सुकटीवर वाढलेल्या माणसाला तो परका कसा वाटेल?

पूर्ण शाकाहारी असाल तर मात्र सांभाळून. हा अर्क भाजीत, कोशिंबिरीत, टोफूच्या चटणीत, कुठेही असतो आणि दुकानदाराला त्यात काही मांसाहार आहे असं वाटत नाही. बौद्ध पद्धतीची शाकाहारी खानपानगृहं वेगळी आहेत, तिथे जावं. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला तिथे जास्तच गर्दी असते.

बुन चाचं एक दुकान जगप्रसिद्ध आहे. 2016च्या मे महिन्यात बराक ओबामा तिथे अमेरिकन शेफ अँथनी बुर्डेनबरोबर जेवले, बिअर प्यायले आणि दोघांचं बिल झालं सहा डॉलर. ते दोघं बसले होते ते टेबल, ताटवाट्या आणि बाटल्यांसकट, दुकानाने काचेच्या पेटीत बंद केलंय. आम्ही बघून आलो, जेवलो मात्र गल्लीतल्या धुराच्याच दुकानात.

काचेच्या पेटीवरून आठवलं. शहराच्या मध्यावरच्या होआन किएम तळ्यात एक प्रचंड कासव राहत असे. दंतकथा अशी की चिनी मिंग सैन्याला पंधराव्या शतकात हाकलून लावणाऱ्या ले लोई राजाची दैवी तलवार तळ्यातल्या सोनेरी कासवाने परत मागून घेतली. तळ्याचं नावच परत केलेल्या तलवारीवरून पडलंय. आमच्या काळातलं खरंखुरं कासव 2016च्या जानेवारीत गेलं. त्याआधीचं एक 1967 साली गेलं होतं. आता ही दोन्ही कासवं लाल पुलापलीकडच्या न्गोक सोन देवळात शेजारीशेजारी ठेवलेली आहेत. बायका काचेपुढे हात जोडतात. मी पण जोडले. वयाचा मान असतो.

वान मिएउ, म्हणजे साहित्याचं मंदिर, माझ्या वहीत पहिल्या नंबरावर होतं. 1070 साली कन्फ्यूशियससाठी बांधलेलं, आणि 1076 पासून तिथे राजघराण्यातल्या आणि पुढे इतर हुशार मुलांची पाठशाळा. दगडी कासवांच्या पाठीवर ब्याऐंशी शिलालेख उभे आहेत. 1442 ते 1779 या काळात राजदरबाराच्या सर्वोच्च परीक्षांत उत्तीर्ण झालेल्यांची नावं त्यांच्यावर. परीक्षेला जाणारी मुलं कासवाच्या डोक्यावरून हात फिरवून जात. डोकी इतकी झिजली की आता कठडा घातलाय. पदवीच्या झग्यांतल्या मुलींचे फोटो काढणं चालू होतं. कठड्याबाहेरून एकीने हळूच छत्रीचं टोक कासवाला लावून घेतलं.

हो ची मिन्हच्या समाधीला सकाळी लवकर जावं लागतं. रांग मोठी, पण चालती. कॅमेरा बंद, बोलणं बंद, हात खिशातून बाहेर, गुडघे आणि खांदे झाकलेले. पांढऱ्या गणवेशातले पहारेकरी नजरेनेच पुढे ढकलतात. आत थंडगार अंधार, काचेखाली झोपलेला कृश म्हातारा. माझं दहन करा आणि राख देशाच्या तिन्ही भागांत ठेवा, असं तो लिहून गेला होता. 1969 साली तो गेल्यावर पक्षाने त्याची ही एक इच्छा बाजूला ठेवली आणि 1975 साली ही ग्रॅनाइटची इमारत उभी राहिली. समोरच्या बा दिन्ह चौकात 2 सप्टेंबर 1945 रोजी त्याने स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, आणि त्याची सुरुवात अमेरिकेच्या जाहीरनाम्यातल्या वाक्याने केली. इतिहासाला विनोदबुद्धी असते. मला समाधीपेक्षा मागच्या बागेतलं त्याचं खांबांवरचं लाकडी घर जास्त आवडलं. फ्रेंच गव्हर्नरचा पिवळा राजवाडा शेजारी मोकळा असताना हा माणूस दोन खोल्यांत राहिला.

बाहेर पडल्यावर नवऱ्याने विचारलं, "मग? महाराजांचं नाव कुठे दिसलं?" तुम्हीही तो मजकूर वाचला असेल. सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या ग्रुपवर तो फिरत असतो: व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचं चरित्र वाचून, आणि तिथल्या राष्ट्राध्यक्षाच्या थडग्यावर त्याने स्वतःला महाराजांचा मावळा म्हणवून घेतलंय. समाधीच्या दर्शनी भागावर 'अध्यक्ष हो ची मिन्ह' एवढीच अक्षरं आहेत. आणि खरं तर इतिहास संग्रहालयात गेलं की या गोष्टीची गरजही उरत नाही. तिथे नदीच्या गाळातून काढलेले लाकडी सुळके ठेवलेत. 1288 साली चान हुंग दाओ या सेनापतीने बाख दांग नदीच्या तळात असे सुळके रोवले, भरतीच्या वेळी मंगोल आरमाराला आत ओढलं आणि ओहोटी लागल्यावर जहाजं त्यांच्यावर फाटली. मंगोलांची ती तिसरी स्वारी. त्यानंतर ते परत आले नाहीत. दिएन बिएन फूला 1954 साली फ्रेंचांना हरवणारा जनरल व्हो न्गुयेन झाप याच हनोईतल्या शाळेत इतिहास शिकवायचा. मास्तरांना घरचे धडे पुरेसे होते. हे सगळं मी तिथूनच आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले आणि एक "जय शिवराय".

होआ लो तुरुंगाबद्दल थोडक्यात. फ्रेंचांनी 1896 साली बांधला, व्हिएतनामी क्रांतिकारकांना कोंबण्यासाठी. गिलोटिन आहे, बेड्या घातलेले पुतळे आहेत. पुढे अमेरिकन वैमानिक इथेच डांबले होते. 1967 साली शहरातल्याच एका तळ्यात पॅराशूटने पडलेला जॉन मॅकेन त्यांपैकी एक. त्या दालनात अमेरिकन कैदी बास्केटबॉल खेळताना आणि नाताळचा सण साजरा करताना दिसतात. त्यांना किती सुखात ठेवलं होतं हे दाखवायचा हट्ट इतका आहे की उलटाच संशय येतो. फ्रेंच दालनात मान खाली गेली, या दालनात भुवया वर. जेत्याने लिहिलेल्या पाट्या जगभर सारख्याच.

तिथून निघाल्यावर काहीतरी गोड हवं होतं. न्गुयेन हू हुआन रस्त्यावर काफे झांगची पाटी शोधत आम्ही ते दोनदा ओलांडून गेलो. दोन दुकानांमधल्या फटीतून आत शिरायचं, अंधाऱ्या बोळातून वर चढायचं. न्गुयेन वान झांग हा मेट्रोपोल हॉटेलात काम करायचा. 1946 साली दुधाचा तुटवडा होता. दुधाच्या फेसाऐवजी त्याने अंड्याचा पिवळा बलक साखरेबरोबर घोटून कॉफीवर घातला. पुढे स्वतःचं दुकान काढलं, आणि ते आज त्याच्याच घराण्याकडे आहे. कप येतो तो गरम पाण्याच्या वाडग्यात बसवून, म्हणजे तळ थंड होत नाही. वर बोटभर जाड, फिकट पिवळा थर. चमच्याने आधी तो थोडा खायचा: गोड, मऊ, अंड्याचा वास शोधूनही सापडत नाही. खाली कडू, काळी, दाट कॉफी. दोन्ही एकत्र तोंडात आल्यावर नवरा, जो अंड्याच्या नावाने साशंक होता, त्याने काहीही न बोलता दुसऱ्या कपासाठी बोट वर केलं. ब्राझीलनंतर जगात सर्वांत जास्त कॉफी पिकवणारा हा देश. कॉफीही फ्रेंचांनीच आणलेली. दुधाच्या डबाबंद रूपाची सवयही त्याच काळातली. आज दूध मुबलक मिळतं, तरी अंड्याची कॉफी मागे घ्यावी असं कुणाला वाटलेलं नाही.

आता शेपूची गोष्ट. शेपू मला आवडत नाही. लहानपणी डब्यात शेपूची भाजी दिसली की मी डबा मैत्रिणीला देऊन टाकायचे, आणि लग्नानंतर माझ्या घरात शेपू शिरलेला नाही. हनोईचा सर्वांत मानाचा पदार्थ आहे चा का: हळद लावलेला मासा आणि शेपू. दोआन घराण्याने 1871 साली तो विकायला सुरुवात केली आणि तो इतका गाजला की अख्ख्या गल्लीचं जुनं नाव पुसून तिला या पदार्थाचं नाव मिळालं. आता तो शहरात बऱ्याच ठिकाणी मिळतो. नवऱ्याच्या वहीत त्याच्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

टेबलावर निखाऱ्यांची छोटी शेगडी, तिच्यावर कढई. नदीतल्या मोठ्या, बिनकाट्याच्या माशाचे तुकडे. हळद, आल्यासारखं दिसणारं गलांगल आणि आंबवलेल्या भाताचा लगदा लावून आधी भाजून आणलेले, पिवळेजर्द. तेल तडतडायला लागलं आणि वाढणाऱ्या मुलीने शेपूची एक जुडी, चिरलेली नाही, नुसती मोडलेली, त्याच्यावर टाकली. मग कांद्याच्या पातीचा ढीग. मग पुन्हा शेपू. मी मागे सरकले. चमच्याने दोन-तीनदा वरखाली केल्याबरोबर एवढा डोंगर मूठभर झाला आणि वास बदलला. कच्च्या शेपूचा तो नाकात चढणारा दर्प गेला, बडीशेपेसारखं काहीतरी उरलं. वाटीत शेवया, त्यावर मासा, तो शेपू, भाजलेले शेंगदाणे, वरून कढईतलं गरम तेल. हळद, शेंगदाणे, तेल. सोलापूरची माणसं याला नाही कसं म्हणतील? मी शेपू उचलून खाल्ला. मग कढईतला उरलेला खरवडून खाल्ला. नवरा जेवायचं थांबून माझ्याकडे बघत होता. "घरी आणू काय?" त्याने विचारलं. "हळद लावलेला मासा मिळाला तर आण," मी म्हटलं.

बरोबर माम तोमची वाटी येते. आंबवलेल्या कोळंबीची जांभळट-राखाडी चटणी. लिंबू पिळून, साखर-मिरची घालून फेस येईपर्यंत ढवळायची. शेजारच्या टेबलावरच्या युरोपीय मंडळींनी ती वाटी आदराने टेबलाच्या टोकाला नेऊन ठेवली होती. माझी हिंमत बोटाच्या टोकापुरती झाली. नवऱ्याने वाटी पुसून ठेवली. वाढणारी मुलगी स्वयंपाकघरातून आणखी एकीला घेऊन आली, दोघी दारात उभ्या राहून हसत होत्या, आणि मग न मागता दुसरी वाटी आली.

संध्याकाळी पाण्यावरच्या कठपुतळ्यांचा खेळ पाहिला. भातखाचरांत जन्मलेली कला. कलाकार बांबूच्या पडद्यामागे कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बाहुल्या नाचवतात. ड्रॅगनच्या तोंडातून पाणी आणि फटाके एकदम सुटतात. शेवटी भिजलेले कलाकार पडद्यापुढे आले तेव्हा टाळ्या सगळ्यांत जास्त पडल्या.

लाँग बिएन पुलावर मात्र नवऱ्याला मी भल्या पहाटे ओढत नेलं. लाल नदीवरचा हा लोखंडी पूल 1899 ते 1902 या काळात फ्रेंचांनी बांधला. मध्ये रेल्वे, दोन्ही कडांना दुचाक्या आणि पायी चालणारी माणसं. अख्खा देश उजवीकडून गाडी चालवतो आणि या एका पुलावर डावीकडून. पुलाच्या कमानींचा चढउतार मधूनच तुटतो, आणि तिथे साधी सपाट जोडणी दिसते. 1967 आणि 1972 साली अमेरिकेने बॉम्ब टाकले, ती ही जागा. मूळ आकाराच्या कमानी परत घातल्याच नाहीत. खाली बेटावर केळीची शेती, पुलावर केळीच्या फण्या लादलेल्या सायकली. एक आगगाडी आली, पूल हलला, नवऱ्याने कठडा धरला. गाडी गेल्यावर त्याने विचारलं, "आता न्याहारी?"

शेवटच्या रात्रीचं जेवण असं ठरवलंच नव्हतं. ता हिएन गल्लीचा बिअरचा बाजार पर्यटकांनी ओसंडत होता, म्हणून आम्ही दोन गल्ल्या सोडून एका कोपऱ्यावर बसलो. बिया होई म्हणजे रोज ताजी येणारी सौम्य बिअर. टिकवण्यासाठी तिच्यात काही घालत नाहीत, म्हणून पिंप त्याच दिवशी संपवायचं. ग्लास बघण्यासारखा: भंगार काचेचा, हिरवट, अंगात बुडबुडे अडकलेले, दोन ग्लासांची उंचीही सारखी नाही. रेशनच्या दिवसांत, 1970च्या दशकात हा आकार ठरला आणि तोच चालू आहे. बरोबर गवती चहा आणि लिंबाची पानं घालून उकडलेल्या गोगलगायी आणि आलं-मिरचीचं तेच मासळीचं पाणी. कवचातलं मांस काढायला पत्र्याचं वाकवलेलं टोक देतात. तिसऱ्या आणि कालवं खाण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ते शिकवावं लागलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी त्याचा वेग पाहिला, स्वतःचं स्टूल सरकवलं आणि दोघांची शर्यत लागली. एकही शब्द दोघांना एकमेकांचा कळत नव्हता. आजोबा जिंकले, कारण नवरा मध्येच मला भरवायला थांबला. निदान कारण त्याने तसं दिलं.

साडेआठलाच पिंप संपलं. बाईने नळ दोनदा ठोकून पाहिला, हात हलवला आणि स्टुलं एकात एक घालायला लागली. बिल पाटीवर खडूने लिहून समोर धरलं: दोन लाख साठ हजार. नवऱ्याने खिसा रिकामा केला, शून्यं मोजली, तरी वर साठ हजार उरत होते. ते विमानतळावर बदलून घ्यायचे होते. आजोबांनी पातेल्याकडे बोट दाखवलं. तळाला अजून एक वाटी होती.

"बिअरशिवाय?" मी म्हटलं.

"मासळीचं पाणी आहे ना," तो म्हणाला आणि बसला.